चार बोटं गवत राहू द्या

लोणावळा, मुळशी भागात ज्यांनी घराभोवती एकर-दोन एकरांची हिरवळ राखली आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. मशीनऐवजी मेंढ्या सोडाव्यात, असं पुष्कळांच्या मनात येतं. जरूर सोडा. १९१८ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर मेंढ्या ठेवल्या होत्या. त्यांच्या लोकरीचा लिलाव रेडक्रॉसच्या मदतीसाठी झाला. मात्र आणायच्या त्या मेंढ्याच. शेळी गवत सोडून आधी तुमची जास्वंद संपवेल.

माझं सांगणं एकच: गवत चार बोटं उरलं की मेंढ्या तिथून हलवा.

पंगतीचं बघा. पहिली पंगत उठून, उष्टी काढून, जागा पुसल्याशिवाय आपण दुसरी बसवतो का? इथे तर जेवणारी ताटातच लेंड्या टाकते! त्या लेंड्यांत जंतांची अंडी असतात. ऊब आणि ओल मिळाली की चार-पाच दिवसांत अळ्या पात्यांवर चढतात, आणि तुमच्या पाणी घातलेल्या हिरवळीवर ओल बारमाही. अळ्या राहतात बहुतेक बुडाशी. मेंढी जितकी खाली खाईल तितके जंत पोटात. म्हणून धनगरासारखी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावा, चौथ्या दिवशी पंगत पुढच्या तुकड्यात बसवा, आणि उठलेली जागा निदान महिनाभर रिकामी ठेवा. सकाळचं दव वाळू द्या, मग सोडा.

मेंढीची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढून आत बघत जा. लाल असेल तर ठीक. पांढरट दिसली, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबू लागली, तर जंत रक्त पिताहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि रागावू नका, पण भर पावसात घाटमाथ्यावर मेंढ्या ठेवायचा हट्ट सोडा. दिवाळीनंतर कोकणात उतरलेला धनगर पावसाआधी देशावर परततो, तो उगीच नाही. चिखलात मेंढ्यांचे खूर कुजतात. पावसाळ्यात मशीन चालवा, पुढे एखाद्या धनगराला बोलवा, आणि शेतात मेंढरं बसवल्याचे देतात तसे त्याला रीतसर पैसे द्या.

वेळ संपत आली. पुन्हा सांगतो, चार बोटं. पट्टी नको, करंगळी जमिनीला टेकवून हात आडवा धरा, तर्जनीवर पातं दिसलं पाहिजे. कुंपणाला कण्हेर असेल तर मेंढ्या येण्याआधी काढा, छाटलेल्या फांद्याही उचला; वाळलेलं पानही विषारीच. घाणेरीचं आणि तणनाशकाचं सांगायचं होतं, ते आता पुढच्या खेपेला.