रोग एकच, पण मरण आपल्याच वाट्याला
(महिला मेळाव्यात झालेलं भाषण)



आपण जमतो ते वनपट्ट्यासाठी. मग आज कॅन्सरचं कशाला, असं कोणी विचारेल. जमिनीचा कागद नाही, म्हणून आपण स्थलांतर करतो. स्थलांतर करतो, म्हणून दुखणं अंगावर काढतो. विषय एकच आहे.

शहरातल्या बाईला छातीत गाठ लागली, की ती लगेच डॉक्टरकडे जाते. आपली बाई म्हणते, लावणी होऊ दे. मग वीटभट्टीची उचल फेडायची असते. परळच्या टाटा हॉस्पिटलात पोचेपर्यंत गाठ फुटलेली असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा इलाज बसतो. पण एसटीचं भाडं, सोबत्याची बुडालेली मजुरी, मुंबईतलं राहणं त्यात कुठे धरलंय? आणि रेशनकार्डावरून नाव गळलं असेल, तर दारातच अडवतात.

लवकर सापडलं तर माणूस वाचतो, हे सिद्ध झालेलं आहे. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली. मोठी मशीन नव्हती, सौम्य व्हिनेगर लावून बघायचं. बघणाऱ्या बाया दहावी शिकलेल्या, त्यांना ४ आठवड्यांचं शिक्षण दिलं होतं. तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. दहावी-बारावी झालेल्या पोरी आपल्या पाड्यांवर नाहीत का?

सरकारच्या २०१६ च्या सूचनांमध्येच लिहिलंय, की ३० वर्षांवरच्या माणसांची तोंडाची, आणि बायांची स्तनाची व गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी गावपातळीवर व्हावी. आपल्या उपकेंद्रात किती जणींची झाली? हात वर करा!

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. एक, प्रत्येक ग्रामसभेत तपासणीचा ठराव घ्यायचा आणि पोच घ्यायची. दोन, वनहक्काच्या फायलीसोबत घरोघरचं रेशनकार्डही तपासायचं. तीन, तंबाखू-मिश्री सोडायचं घरात बोलायचं.

आणि बायांनो, लाजू नका. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, छातीत गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर भगताकडे जायचं असेल तर जा, पण दवाखान्यात त्याच आठवड्यात जा. एकटीला भीती वाटली तर सांगा, आमच्यातलं कोणीतरी सोबत येईल.

जमीन आपल्या नावावर होईल, ती कसायला आपण जिवंत पाहिजे.

जोहार!