कुत्रा चावला, भरपाई कोणाकडे मागायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या न्यायालयांत मी वकिली करतो. जमिनीचे वाद, पोटगी, न वटलेले धनादेश हा आमचा रोजचा व्यवहार. पण गेल्या काही वर्षांत माणसे वरचेवर एक वेगळाच प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत. ‘वकीलसाहेब, कुत्रा चावला, आता पैसे कोणाकडे मागायचे?’ प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर मात्र तसे नाही.

आमच्या भागावर माथेरानच्या आणि भीमाशंकरच्या डोंगराची सावली आहे. जंगलातून बिबट्या उतरला आणि माणूस दगावला, तर वनखात्याकडून वारसांना २५ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी राज्यात २०२३ चा कायदाच आहे. त्या कायद्यातल्या प्राण्यांच्या यादीत रानकुत्राही आहे. म्हणजे रानातल्या कुत्र्याने लचका तोडला तर अर्ज कुठे द्यायचा ते ठरलेले आहे. नेरळच्या बाजारातल्या कुत्र्याने तोडला तर त्या यादीत त्याचे नाव नाही. म्हणून हक्क नाही असे मात्र मुळीच नाही. तो मिळवण्याची वाट लांबची आहे, आणि ती दवाखान्यापासून सुरू होते.

आधी जिवाचे बोलू. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर उपचार घेतले तर तो रोग टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. दोन तांबे ओतले म्हणजे धुतले असे नव्हे. आमच्या वाड्यावस्त्यांवर अजून जखमेत मिरचीपूड नाहीतर चुना भरतात, कोणी उतारा काढतो आणि त्यात मोलाचा दिवस जातो. दुसरी अडचण भीतीची. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने लोकांच्या मनातून अजून गेलेली नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आता सुई दंडात घेतात. सरकारी दवाखान्यांत कातडीत टोचण्याच्या पद्धतीने पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यावे लागते. रक्त आले असेल तर लसीच्या जोडीला जखमेत सीरमही द्यावे लागते. सीरम प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही. मिळाले नाही तर तसे केसपेपरवर लिहून घ्यावे आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत.

हा केसपेपर म्हणजेच पुढच्या दाव्यातला पहिला पुरावा. त्यावर नुसते ‘कुत्रा चावला’ एवढे असून भागत नाही. कुठे चावला, किती वाजता, कुत्रा पाळीव की भटका, जखम कोणत्या श्रेणीची, हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावे. जखमेचा फोटो पट्टी बांधण्याआधी काढावा. शून्य, तीन, सात, अठ्ठावीस या चार फेऱ्या डोंगरावरच्या वाडीतून करायच्या म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली आणि वर गाडीभाडे. लस फुकट असली तरी गरिबाचा खर्च इथे होतो. तो तारीखवार लिहून ठेवला तरच न्यायालयात मागता येतो.

आता कुत्रा पाळलेला असेल तर काय? आमच्याकडे फार्महाऊसे उदंड झाली आहेत. माझ्याकडे पेज नदीकाठच्या गावातली एक बाई आली होती. भाताच्या लावणीला निघाली असताना फार्महाऊसच्या उघड्या फाटकातून कुत्रा सुटला आणि त्याने पोटरी फाडली. राखणदार म्हणे, कुत्रा साहेबांचा. साहेब मुंबईहून फोनवर म्हणे, कुत्रा सांभाळतो राखणदार. कायद्यात ही टोलवाटोलवी चालत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (जुन्या दंड संहितेचे २८९) मालकी विचारत नाही, प्राणी कोणाच्या ‘ताब्यात’ होता ते विचारते. त्याच्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये इतकी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणखी एक गोष्ट पोलिस ठाण्याची पायरी चढणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी. हा गुन्हा दखलपात्र आहे. ‘एनसी लिहून घेतो, जा’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे एफआयआर मागावा.

त्या बाईच्या बाबतीत आम्ही सातबारा काढला. कुत्र्यावर मालकाचे नाव नसते, जमिनीवर असते. मालक आणि राखणदार दोघांनाही नोटीस गेली आणि पंधरा दिवसांत दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी हातात आली. रक्कम मोठी नव्हती. पण लावणीचे दिवस वाया गेले होते आणि घरात तेवढ्यानेही फरक पडला. तडजोडीला माझा विरोध नाही. फक्त अठ्ठावीस दिवस पुरे व्हायच्या आत ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर अंगठा उठवू नये.

फौजदारी खटला वेळखाऊ असतो. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने एका वृद्धाला चावा घेतला, त्याच्या मालकाला गिरगावच्या न्यायालयाने शिक्षा केली ती २०२३ मध्ये, तीन महिन्यांची. वरळीला इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली हस्की जातीचा कुत्रा चावला, त्यात २०२५ मध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि दंडाची रक्कम एरवी सरकारजमा होते. जखमीला त्यातून काही मिळावे असे वाटत असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालयाकडे तशी मागणी करावी लागते. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. तो निष्काळजीपणाच्या तत्त्वावर चालतो.

भटक्या कुत्र्याचे प्रकरण अधिक अवघड. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. कर्जत, खोपोली, माथेरानला नगरपरिषद, नेरळसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत. कुत्री मारून टाका असे अनेक जण तावातावाने म्हणतात. कायदा त्याला परवानगी देत नाही, आणि कोंबड्यांचा टाकाऊ माल ओढ्याकाठी फेकण्याचे थांबले नाही तर एक टोळी जाऊन दुसरी येईल.

अशा कुत्र्याच्या चाव्यासाठी पैसे मिळाल्याचे दाखले इतर राज्यांत आहेत. केरळात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, जखमी माणसे थेट तिच्याकडे अर्ज करू लागली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिकांवर निकाल देताना दरच ठरवून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १० हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार. हा हिशेब ऐकायला खाटकाच्या दुकानातला वाटतो खरा. पण वकिलाशिवाय कोणालाही समजेल असा हा हिशेब आहे, म्हणून मला तो आवडतो. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे दाखला म्हणून तो जरूर ठेवता येतो. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. खड्डा बुजवला नाही म्हणून पालिका पैसे देते, तर कुत्र्यांची नसबंदी केली नाही म्हणून का देऊ नयेत? माझ्या मते तत्त्व एकच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. कर्जतच्या एसटी स्थानकात किंवा नेरळच्या फलाटावर कोणाला कुत्रा चावला, तर तक्रारीत या आदेशाचा उल्लेख तारखेसह करावा. जानेवारी २०२६ मधल्या सुनावणीत राज्यांवर मोठी भरपाई बसवण्याचा विचार न्यायालयाने बोलून दाखवला होता, पण तोंडी शेरा म्हणजे आदेश नव्हे.

पंचायत किंवा पालिका यांच्याविरुद्ध जाताना निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तो कसा करायचा? आधीच्या तक्रारीच्या पोचपावतीने. ‘अमुक आळीत कुत्री अंगावर येतात’ असा अर्ज चाव्याच्या आधी दिलेला असेल, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असेल, तर संस्थेला ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. ग्रामसभेचा ठराव असेल तर आणखी चांगले. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून गेल्या वर्षात किती कुत्र्यांची नसबंदी झाली, किती खर्च पडला, हे विचारावे. ‘निरंक’ असे उत्तर आले तर तो कागद सोन्याच्या मोलाचा.

मुदतीचे मात्र भान ठेवावे. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांच्यावर दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावाही सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. लोक माझ्याकडे येतात ते जखम भरून, पीक निघाल्यावर, सवडीने. तोवर सहा महिने उलटलेले असतात. मग उच्च न्यायालयात रिट याचिका एवढीच वाट उरते, आणि रायगडकरांना त्यासाठी मुंबईलाच जावे लागते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. आमच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली जवळजवळ सगळी माणसे यात बसतात. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. जाताना केसपेपर, लसीचे कार्ड, फोटो, औषधांची बिले आणि बुडालेल्या मजुरीचा तो तारीखवार कागद बरोबर घ्यावा.