खोटी होती ती फक्त तारीख : 'दृश्यम' आणि आमच्याकडचं एक रजिस्टर

(ज्यांना ऐकायला वेळ होत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

आजचा भाग शिरोली एमआयडीसीतनं रेकॉर्ड करतोय. सेकंड शिफ्ट सुरू व्हायला अजून तासभर आहे. पाठीमागं हायवेवरच्या कंटेनरचे हॉर्न ऐकू येतील, ते काही केल्या निघत नाहीत. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एका श्रोत्यानं विचारलं होतं, की 'दृश्यम' टीव्हीवर लागला की शेवट माहीत असूनही आपण चॅनेल का बदलत नाही? प्रश्न साधा वाटला, पण मी बरेच दिवस त्यावर अडकलो होतो. का अडकलो होतो, ते शेवटी सांगतो. आधी सिनेमा. आणि हो, शेवटासकट सगळं बोलणार आहे. बघितला नसेल तर इथंच थांबा, बघा, मग या.

आपण बोलतोय ते २०१५ च्या हिंदी 'दृश्यम'बद्दल. मूळ गोष्ट मल्याळमची, जीतू जोसेफ यांची. २०१३ साली मोहनलालला घेऊन त्यांनी ती केली. मग कन्नड झाला, तेलुगू झाला, तमिळमध्ये कमल हासनचा 'पापनाशम' झाला. पुढं सिंहलीत झाला, चिनी भाषेतही झाला. आपल्याकडं हिंदीत आणला तो निशिकांत कामत यांनी. म्हणजे २००५ चा 'डोंबिवली फास्ट' करणारा आपला मराठी दिग्दर्शक. पटकथा बसवली उपेंद्र सिधये यांनी, तोही मराठी माणूस. गोष्ट केरळातनं उचलून गोव्यात आणली आणि नायकाचं नाव ठेवलं विजय साळगावकर. त्यामुळं तो आपल्याला परका वाटतच नाही. असला केबलवाला तुमच्या-आमच्या गल्लीत होताच की. महिन्याच्या पैशाला दारात यायचा, मॅच सुरू असताना केबल गेली की शिव्या खायचा.

आता पहिला मुद्दा. या सिनेमात पहिला बराच वेळ काहीच घडत नाही. विजय ऑफिसात रात्रभर सिनेमे बघतो. बायको पैशावरनं कुरकुर करते. गायतोंडे नावाच्या पोलिसाशी त्याचं वाजतं. ती भूमिका कमलेश सावंतांनी अशी केलीय की माणूस दिसला की राग यावा. गावात नव्या पोलीस स्टेशनचं बांधकाम सुरू आहे. बस्स, एवढंच. पहिल्यांदा बघताना आमचा एक दोस्त म्हणालेला, "हे थ्रिलर हाय व्हय?"

पण फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे लवकर कळायला पाहिजे. आमच्याकडं ओतकामाला किती वेळ लागतो? लॅडल आणली, धातू ओतला, काही सेकंदांचा खेळ. खरा वेळ जातो त्याच्या आधी. वाळू तयार करायची, ओल बघायची, कोअर बसवायचा, साचा बंद करायचा. साच्यात जे चुकतं ते ओतताना दिसत नाही. वरनं कास्टिंग एकदम गुळगुळीत असतं. पुढं मशिनिंगला गेलं, टूलनं वरचा थर काढला, की आत भोक निघतं.

'दृश्यम'चा पहिला भाग म्हणजे साचा आहे. चौथी नापास माणूस, सिनेमाचं वेड, कंजूषपणा, गायतोंडेचं वैर, बांधकाम चाललेलं पोलीस स्टेशन. यातली प्रत्येक गोष्ट पुढं लागणार आहे, पण तेव्हा कुणी तुम्हाला बोट दाखवून सांगत नाही. मग २ ऑक्टोबरची रात्र येते. मोठ्या मुलीचा चोरून व्हिडिओ काढून धमकावायला आलेला पोरगा तिच्या हातनं मरतो. आणि तो पोरगा निघतो आयजी मीरा देशमुख यांचा. तिथनं पुढं श्वास घ्यायला जागा नाही.

दुसरा मुद्दा. खून कुणी केला हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. मग ताण कशाचा? हिचकॉकनं सांगितलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगा आणि टेबलावरच्या माणसांना निवांत गप्पा मारू द्या, मग बघा, तो खुर्चीच्या कडेवर येतो. 'दृश्यम'मध्ये आपल्याला बॉम्ब माहीत आहे. धाकट्या अनूकडं कॅमेरा गेला की पोटात गोळा येतो, कारण ती लहान आहे, मारलं तर बोलणार. आपण मनात म्हणत असतो, "बोलू नको गं पोरी."

थांबा. इथं जरा विचार करा. एका मेलेल्या पोराबद्दल पोलीस विचारतायत, आणि तुम्ही-मी, कायद्यानं चालणारी माणसं, मनातनं म्हणतोय की खरं सांगू नको. हे दिग्दर्शकानं आपल्याकडनं कसं काय करून घेतलं?

माझं मत असं, की विजयच्या बाजूनं उभं राहायला आपल्याला फार ढकलावं लागत नाही. ज्याला कुणी विचारत नाही अशा माणसाच्या अंगात कसब असतं, हे आपल्याला मनापासून आवडतं. शिरोलीत असली माणसं ढिगानं आहेत. शाळा अर्धवट सोडलेला माणूस भट्टीतल्या धातूचा रंग बघून तापमान सांगतो, आणि पायरोमीटर लावला की फरक फार निघत नाही. विजय सिनेमे बघून शिकला, हा हातानं शिकला. समोर कोण? तब्बूची मीरा देशमुख. वर्दी, गाडी, खुर्ची, सगळं तिच्याकडं. चौथी नापास माणूस तिच्यापुढं टिकतो तेव्हा आपण आपल्याच माणसाला टाळ्या वाजवत असतो. कामतांच्या 'डोंबिवली फास्ट'मधला माधव आपटेही साधाच माणूस, पण तो फुटतो, रस्त्यावर उतरतो. साळगावकर फुटत नाही. तो बसतो आणि हिशोब करतो.

आणि काय हिशोब करतो? इथं मला सिनेमाचं खरं मर्म वाटतं. खोटं बोलायला तो फारसं काही खोटं बनवतच नाही. घरच्यांना घेऊन पणजीला जातो. सत्संग खरा, बस खरी, हॉटेल खरं, पावभाजी खरी, थिएटरमधला सिनेमा खरा. भेटलेली माणसं खरी, आणि ती साक्ष देतात तीसुद्धा अगदी प्रामाणिकपणे. खोटी असते ती फक्त तारीख. ते नंतर गेलेले असतात, आणि विजय पुन्हा त्या माणसांना भेटून, गप्पांत सहज बोलून, '२ ऑक्टोबर' त्यांच्या डोक्यात बसवून येतो. घरी पोरींची उजळणी घेतो. कुणी काय विचारलं तर काय सांगायचं, कुठं थांबायचं.

२०१५ ला आम्ही डिपार्टमेंटची सात-आठ जणं मिळून हा सिनेमा बघायला गेलो होतो. उजळणीचा तो प्रसंग आला आणि माझ्या शेजारी बसलेला आमचा सुपरवायझर एकदम गप्प झाला. मी पण. का, ते आता सांगतो.

त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. कारखान्याचं नाव घेणार नाही, माणसांचीही नाही. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, एक हेल्पर होता. विशीतला पोरगा. रात्रपाळीला ग्राइंडिंग व्हील फुटलं आणि तुकडा त्याच्या डोळ्यात गेला. गॉगल नव्हता. त्याला दिलेलाच नव्हता, कुणालाच दिलेले नव्हते. मागणी लिहून गेली होती, आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॉगलचा बॉक्स आला. सगळ्यांना वाटले. आणि एक रजिस्टर आलं, सुरक्षा साहित्य वाटपाचं. त्यावर सह्या घेतल्या. गॉगल खरा, सही खरी, माणूस खरा. तारीख महिनाभर आधीची. त्या पोराची सही दवाखान्यात घेतली, एका डोळ्याला पट्टी असताना. मग आम्हाला एकत्र बसवून सांगितलं, की चौकशीला कुणी आलं तर एवढंच म्हणायचं, "गॉगल दिला होता, त्यानं घातला नव्हता." दोनदा म्हणवून घेतलं.

१९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी आख्खं एक कलम होतं, ३५ वं. ते मला तेव्हाही माहीत होतं, कारण क्वालिटीत असल्यामुळं कागदपत्रं माझ्या हातात असायची. तरी मी सही केली. घरी हप्ता होता, बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. कारणं प्रत्येकाकडं असतात. विजयकडं पण होतीच.

फरक फक्त एवढा, की विजयनं तारीख बदलली ती ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्यानं घर वाचवायला. आमच्याकडं तारीख बदलली ती ज्याच्याकडं सगळं होतं त्यानं. युक्ती तीच. थिएटरमध्ये मी टाळ्या वाजवत होतो आणि अंगाला घाम फुटला होता.

तो पोरगा काम सोडून गावाकडं गेला. कर्नाटकच्या सीमेजवळचं गाव आहे. थोडेफार पैसे मिळाले असतील, मी विचारलं नाही. गेल्या वर्षी तो मला हातकणंगल्याच्या स्टँडवर भेटला. त्यानंच ओळखलं, "सायेब, मी ओ." चहाला घेऊन गेला, पैसे मला देऊ दिले नाहीत. म्हशी आहेत म्हणाला, दूध घालतो, बरं चाललंय. आणि मग चहा ढवळत ढवळत म्हणाला, "एक इचारू का? मला खरंच गॉगल दिलता का ओ? समदी म्हणत्यात दिलता. माझं मलाच आठवंना झालंय."

मंडळी, 'दृश्यम' बघून मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या वाक्यानं वाटली. पणजीतल्या हॉटेलवाल्याच्या डोक्यात एक तारीख बसवणं वेगळं. इथं ज्याचा डोळा गेला त्याच्याच डोक्यात आम्ही दुसरी गोष्ट बसवली होती. इतकी वर्षं तो स्वतःला दोष देत होता.

मी म्हणालो, "नव्हता दिला. कुणालाच नव्हता. सह्या नंतर घेतल्या. माझी पण आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग बरं. आई म्हणायची, तुझीच धांदल." आणि एसटी लागली म्हणून उठला. ओरडला नाही, रडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता परत सिनेमाकडं येतो. 'दृश्यम'चा शेवट म्हटलं की सगळ्यांना पोलीस स्टेशनची फरशी आठवते. पोरगा पुरलाय तो नव्या पोलीस स्टेशनखालीच. जबरदस्त आहे, वादच नाही. पण मला आता त्याच्या जरा आधीचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. मीरा देशमुख आणि तिचा नवरा विजयला भेटायला येतात. पोलीस म्हणून नाही, आई-बाप म्हणून. आमचा मुलगा आहे की नाही, एवढंच सांगा म्हणतात. आणि विजय आडवळणानं का होईना, सांगतो. नाव घेत नाही, कबुली देत नाही, पण ते वाट बघायचं थांबवतील एवढं सांगतो. त्या क्षणी तब्बूचा चेहरा बघा. तोवर जिच्यावर आपण चिडलेलो असतो, तिच्यासाठी गळा भरून येतो.

तो प्रसंग नसता तर 'दृश्यम' एक हुशार सिनेमा राहिला असता. त्या प्रसंगामुळं कळतं, की कथा कितीही पक्की बसवली तरी दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस वाट बघत बसलेलं असतं, आणि त्याचं काहीतरी देणं उरतं. विजयनं ते थोडं फेडलं. पूर्ण नाही.

तर श्रोत्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. आपण चॅनेल बदलत नाही कारण दर वेळी आपल्याला बघायचं असतं की हा सुटतो की नाही. आणि आपल्याला हेही माहीत असतं, की तो पोलिसांच्या हातनं सुटला तरी तसा सुटलेला नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादी बदललेली तारीख असते. मोठी असेल, बारकी असेल.

२०२२ ला दुसरा भाग आला, तो अभिषेक पाठक यांनी केला. तोवर निशिकांत कामत नव्हते. १७ ऑगस्ट २०२० ला, अवघ्या पन्नाशीत ते गेले. दुसऱ्या भागाबद्दल पुन्हा कधीतरी बोलू, त्यातला ताण वेगळ्या जातीचा आहे.

हा भाग आमच्या जुन्या माणसांनी ऐकला तर काही जण चिडतील. चिडू देत. सध्या जिथं कामाला आहे तिथं एक नियम मी हट्टानं पाळतो. वाटपाच्या रजिस्टरवर सही घेताना तारीख ज्याची त्यानं, स्वतःच्या हातानं घालायची. ज्याला लिहिता येत नाही त्याला ती वाचून दाखवायची. पोरं हसतात, "सर, लई कडक तुम्ही." हसू देत.

भोंगा झाला, मला आत जायला पाहिजे. पुढच्या भागात भेटू. आणि फेटलिंगला असाल तर आधी गॉगल लावा भावांनो. नसेल दिला, तर सही करू नका.