कापसाच्या तंतूची घडण



बोंड उकलून पांढरा कापूस दिसू लागला, की तो त्याच वेळी तयार झाला, असा मुलांचा समज असतो. वस्तुतः त्याची घडण फूल उमलते त्या दिवसापासूनच सुरू झालेली असते.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. फूल उमलताच कोवळ्या बीजाच्या पृष्ठभागावरील सुमारे पाव हिस्सा पेशी बाहेर फुगून लांबू लागतात. पहिले सुमारे तीन आठवडे ही वाढ मुख्यतः लांबीची असते. त्या वेळी तंतूचे कवच अत्यंत पातळ असून त्यात सेल्युलोजबरोबर पेक्टिन, प्रथिने व मेणासारखी द्रव्येही असतात. पेशीरसाच्या दाबाने हे लवचीक कवच ताणले जाते आणि सर्वसाधारण जातींत तंतू अडीच ते तीन सेंटिमीटर लांब होतो.

सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या सुमारास दुसरी अवस्था सुरू होते. कवचाच्या आतून जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे थरावर थर बसतात. हे काम तीन-चार आठवडे चालते. पक्व, कोरड्या तंतूत शेकडा ९० हून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. बोंड उकलल्यावर पेशीरस सुकतो, गोल नळी चपटी होते व तंतूला पीळ पडतो. या पिळामुळे तंतू एकमेकांस धरून राहतात आणि सूत कातता येते.

थर भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडला किंवा बोंडअळी लागली, तर तंतू लांबीने पुरा दिसला तरी त्याची भिंत पातळच राहते. असा कच्चा तंतू गुंततो, त्याच्या बारीक गाठी होतात व त्यावर रंग नीट चढत नाही. ही उणीव पुढे कशानेही भरून निघत नाही. म्हणून वेचणीत कवडी वेगळी ठेवावी. ती चांगल्या कापसात मिसळल्यास साऱ्या मालाचा भाव उतरतो आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल घटते.

विदर्भ, खानदेश व मराठवाडा येथील शाळांना हा पाठ शिवारातच शिकविता येईल. उमललेल्या फुलांच्या देठांना तारखेच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. दहा, वीस व चाळीस दिवसांनी एकेक बोंड उघडून मुलांना तंतूंची लांबी मोजावयास लावावी. मात्र नुकतीच औषधफवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये. विसाव्या व चाळिसाव्या दिवसांच्या तंतूंच्या लांबीत फारसा फरक आढळणार नाही. पण कस भरण्यास लांबीनंतरही अवधी लागतो, हे मुलांना कळेल.