दोन वाक्यांचें एक वाक्य

घुग्घुस हें गांव चंद्रपूर जिल्ह्यांत वर्धा नदीजवळ वसलें आहे. कोळशाच्या खाणींमुळें तें नांवारूपास आलें. पुढें आसपास सिमेंट आणि लोखंड यांचे कारखाने निघाले, व कामाच्या शोधांत तेलंगणांतून, उत्तर हिंदुस्थानांतून आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून माणसें येऊन राहिलीं. अशा गांवीं शाळेच्या एका बांकावर बसलेल्या तीन मुलांच्या घरीं तीन भाषा बोलल्या जात असल्या, तर त्यांत नवल नाहीं. कोणाच्या घरीं मराठी, कोणाच्या हिंदी, कोणाच्या तेलुगू, आणि एखाद्याच्या आजीच्या तोंडीं अजून गोंडी. इंग्रजी मात्र कोणाच्याच घरची नव्हे. ती सर्वांनाच शाळेंत भेटते, आणि पुष्कळांना तेथेंच अंतरते.

अशा शाळेंतील नववीच्या एखाद्या मुलीची निबंधाची वही श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. निबंध बाबा आमटे यांच्यावर आहे. मुलगी लिहिते : ‘बाबा आमटे वॉज बॉर्न ऐट हिंगणघाट. ही वॉज ए लॉयर. ही फाउण्डेड आनंदवन. आनंदवन इज निअर वरोरा.’ चारहि वाक्यें शुद्ध आहेत. माहितीहि खरी, हिंगणघाटचा जन्म १९१४ सालचा, आणि आनंदवनाचा आरंभ १९४९ सालचा. तरीहि गुरुजी दहांपैकीं चारच गुण देतात, आणि घरीं आई वही उलटीसुलटी करून विचारते, ‘अगं, तांबड्या शाईची एकहि रेघ नाहीं, मग गुण गेले कुठें?’

आईचा प्रश्न रास्त आहे. गुण गेले ते चुकींत गेले नाहींत, तोल नसल्यामुळें गेले. या चार वाक्यांत बाबा वकील होते ही गोष्ट आणि त्यांनीं आनंदवन उभारलें ही गोष्ट एकाच वजनाच्या झाल्या आहेत. पंगतींत यजमान कोण व पाहुणा कोण हें ओळखूं येऊं नये, तशी वाचकाची स्थिति होते. आतां हींच वाक्यें अशीं जोडावीं : ‘बाबा आमटे, ए लॉयर बॉर्न ऐट हिंगणघाट, फाउण्डेड आनंदवन, विच इज निअर वरोरा.’ चारांचें एक वाक्य झालें. शब्द कमी झाले, आणि मुख्य गोष्ट कोणती तें न सांगतां कळलें.

येथें दोन साधनें वापरलीं आहेत. ‘ए लॉयर बॉर्न ऐट हिंगणघाट’ हें समानाधिकरण पद. बाबा आमटे आणि हा वकील हीं माणसें दोन नव्हेत. एकाच माणसास दुसऱ्या नांवानें पुन्हां हाक मारली आहे. मराठीस ही रीत मुळींच परकी नाहीं. ‘अयोध्येचा राजा दशरथ’ असें आपण म्हणतोंच. भेद इतकाच, कीं मराठींत ओळख अगोदर येते आणि नांव मागाहून. इंग्रजींत बहुधा नांव अगोदर येतें आणि ओळख मागाहून, तीहि दोन स्वल्पविरामांच्या मध्यें बसून. मुलें पहिला स्वल्पविराम देतात आणि दुसरा विसरतात. दार उघडून आंत आलेल्यानें जातांना तें ओढून घ्यावें, एवढा शिष्टाचार त्यांना लावून दिला म्हणजे पुरे.

दुसरें साधन ‘विच इज निअर वरोरा’ हें विशेषणवाक्य. खरी अडचण येथें आहे. मराठीला नामाविषयीं जास्त माहिती सांगण्याच्या दोन वाटा आहेत. ‘खाणींत काम करणारा माणूस’, ‘काल आलेला पाहुणा’ ही एक; ‘जो माणूस खाणींत काम करतो तो’ ही दुसरी. बोलतांना आपण बहुधा पहिल्या वाटेनें जातों, आणि म्हणी, नियम, कायदा यांच्यासाठीं दुसरी राखून ठेवतों. इंग्रजी शिकणारा मुलगा नेमका हा ‘जो–तो’ उचलतो आणि शब्दास शब्द ठेवतो. ‘जो अभ्यास करील तो पास होईल’ याचें तो ‘हू विल स्टडी, ही विल पास’ असें करतो. ‘ज्याच्या हातीं ससा तो पारधी’ याचें इंग्रजी या रीतीनें करून पाहिलें तर ससा, हात आणि पारधी तिघेहि पळून जातात! इंग्रजीस ‘तो’ची ही दुसरी हाक नको असते. ‘द मॅन हू होल्ड्स द हेअर इज द हन्टर’, एवढ्यानें तिचें भागतें. शिवाय मराठींतील एकटा ‘जो’ माणूस, वाघ, नदीचा ओढा सर्वांना चालतो. इंग्रजींत माणसासाठीं ‘हू’ आणि वस्तूसाठीं ‘विच’ अशी पंक्तिभेदाची सोय आहे.

मराठी माणसानें या गोष्टींचा विचार आजच आरंभिला आहे असें नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचें. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर तर मराठी घरांतील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. शाळांतून प्रथम नेसफील्डचें व्याकरण चाले, पुढें रेन आणि मार्टिन यांचें आलें. यांतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते, आणि ‘बो जेस्ट’ ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी त्यांचीच, हें त्यांच्या व्याकरणानें रडकुंडीस आलेल्या मुलांना सांगितल्यास बरें वाटेल. त्या पुस्तकांत वाक्यें जोडण्याचें प्रकरण स्वतंत्र आहे. पण आपल्या वर्गांतून वाक्य फोडण्याची हौस मोठी. कर्ता काढा, कर्म काढा, गौण वाक्य कोणतें तें सांगा. घड्याळ उघडून चाकें मोजणारे पुष्कळ झाले, बसवून चालू करणारे थोडे. अमेरिकेंत फ्रँक ओहेअर या अध्यापकानें सातवीच्या मुलांना व्याकरणाची परिभाषा न शिकवितां नुसतीं वाक्यें जोडण्याचा सराव दिला. त्या मुलांचें लेखन इतरांहून प्रौढ आणि सरस ठरलें, असें त्याच्या १९७३ सालच्या पुस्तकांत नमूद आहे. परिभाषा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. ती मागाहून आली तरी चालते, एवढाच.

कोणतें वाक्य मुख्य ठेवावें आणि कोणतें त्याच्या पदरीं घालावें, हें घुग्घुसच्या मुलांना शिकविण्यास फळ्याची गरज नाहीं. गांवापासून जवळच वढा येथें पैनगंगा वर्धेला मिळते. पाणी दोघींचें, पण पुढें नांव चालतें तें वर्धेचें. विशेषणवाक्याची जोडणी ही अशी असते. पुढें वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात तेव्हां मात्र दोघींचींहि नांवें मावळतात आणि प्राणहिता सुरू होते. ‘ॲण्ड’नें जोडलेलीं बरोबरीचीं वाक्यें तशीं. पण नदीला जी निवड नाहीं ती लेखकाला आहे. निबंध आनंदवनावर असेल तर जन्मगांव पोटांत घालावें. तोच हिंगणघाटावर असेल तर ‘बाबा आमटे, हू फाउण्डेड आनंदवन, वॉज बॉर्न ऐट हिंगणघाट’ असें उलटें करावें. माहिती तीच, तोंड दुसरीकडे वळलें.

विशेषणवाक्य ज्या नामाचें, त्याला तें चिकटून असावें. चंद्रपुराकडे खाणींच्या आसपास वाघ दिसणें ही कांहीं अपूर्वाई नाहीं. म्हणून एखादा मुलगा लिहितो, ‘ए वर्कर सॉ ए टायगर निअर द माइन विच वॉज लिम्पिंग.’ त्याच्या मनांत वाघ लंगडत असतो. कागदावर खाण लंगडते. ‘निअर द माइन ए वर्कर सॉ ए टायगर विच वॉज लिम्पिंग’ असें लिहिलें कीं खाण जागच्या जागीं राहते.

येथवरचा प्रश्न गुणांचा झाला. परंतु स्वल्पविरामाचा प्रश्न कधीं कधीं पोटाचा होतो. कोळशासाठीं जमीन घेण्याचा स्वतंत्र कायदा १९५७ सालापासून आहे, आणि खाणीच्या मुलुखांत शेत गेलेल्या घरास नोकरी मिळणार कीं नाहीं, यावर सारें घर टांगलेलें असतें. उदाहरणादाखल रचलेलीं दोन वाक्यें घ्यावीं. एक : ‘द फार्मर्स हूज लॅण्ड वॉज टेकन विल गेट जॉब्स.’ दुसरें : ‘द फार्मर्स, हूज लॅण्ड वॉज टेकन, विल गेट जॉब्स.’ शब्द तेच, क्रम तोच. पहिल्याचा अर्थ : शेतकरी पुष्कळ, त्यांपैकीं ज्यांची जमीन गेली त्यांनाच नोकऱ्या. दुसऱ्याचा अर्थ : ज्यांच्याविषयीं बोलणें चाललें आहे त्या सर्वांची जमीन गेली आहे, आणि त्या सर्वांना नोकऱ्या. पहिल्या वाक्यांतील विशेषणवाक्य निवड करतें. दुसऱ्यांतील नुसती माहिती देतें. रेडिओवर स्वल्पविराम दिसत नाहीं हें खरें, पण तो ऐकूं येतो. दुसरें वाक्य वाचणारा दोनदां थांबतो. मराठी लिहितांना या दोहोंतील भेद स्वल्पविरामानें दाखविण्याचा कडक दंडक नाहीं, म्हणून मराठी डोळा तो इंग्रजींतहि सहज ओलांडून जातो. अमेरिकेंतील मेन राज्यांत एका दूधकंपनीच्या गाडीवानांनीं जादा कामाच्या वेतनासाठीं दावा लावला, तो कायद्यांतील एका न दिलेल्या स्वल्पविरामावर फिरला. तो स्वल्पविराम यादींतला होता, विशेषणवाक्याचा नव्हे. तरी २०१७ सालीं अपील-न्यायालयानें गाडीवानांच्या बाजूनें निकाल दिला, आणि पुढच्या वर्षीं पन्नास लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

खाणगांवांतील पुष्कळ घरांत इंग्रजी कागद आला कीं तो प्रथम शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या हातीं दिला जातो. बाप कामावरून येतो, खिशांतून घडी केलेलें पत्र काढतो आणि म्हणतो, ‘वाच गं बाई, काय म्हणून राहिले ते.’ मुलगी शब्द सारे वाचते. त्यांतील अर्थ निवडीचा आहे कीं माहितीचा, हें तिनें कोठें शिकावें?

तें घरींहि शिकतां येतें, आणि त्याला शिकवणीची फी पडत नाहीं. रात्रीच्या जेवणानंतर घरांतील कोणीहि दोन खरीं, लहान वाक्यें सांगावीं, आणि मुलानें त्यांचें एक करावें. ‘ताडोबा इज ए नॅशनल पार्क. इट इज इन चंद्रपूर डिस्ट्रिक्ट.’ याचें ‘ताडोबा, ए नॅशनल पार्क, इज इन चंद्रपूर डिस्ट्रिक्ट’ होईल, किंवा ‘ताडोबा, विच इज इन चंद्रपूर डिस्ट्रिक्ट, इज ए नॅशनल पार्क’ होईल. कोणतें कां घेतलें तें मुलानेंच सांगावें. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचें, महाराष्ट्रांतील पहिलें, ही तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशीं घालावी. तीनांहून अधिक मात्र एका वाक्यांत कोंबूं देऊं नयेत. नाहींतर जॅकनें बांधलेल्या घराच्या त्या इंग्रजी बालगीताप्रमाणें शेपटास शेपूट लागत जातें आणि घर मागेंच राहतें. आईला इंग्रजी येत नसलें तरी अडत नाहीं. तिनें वाक्यें मराठींत सांगावीं, आणि मुलीनें जोडून झाल्यावर एकच विचारावें : ‘यांतलें मुख्य काय?’