मैदानावरील एक धडा
(ज्युबिलीनिमित्त सावेडी येथील भाषण)



या आनंदाच्या दिवशी तरुणांच्या व्यायामाविषयी आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. त्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजाची हकीकत सांगतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेथे शिकत होते. अंगकाठी लहान म्हणून कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत त्यांस उतरू देण्यास क्रीडाशिक्षक राजी होईनात. खाशाबांनी प्राचार्यांकडे दाद मागितली. परवानगी मिळाली, आणि त्यांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांस चीत केले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. पुढे 1952 साली हेलसिंकीस जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. तेथे बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास 1996 साल उजाडले. मायदेशी परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे ऋण फेडले.

कॉलेजचे नाव असे होते. नगरच्या शिक्षकांस व आईबापांस आमची एवढीच विनंती आहे: किरकोळ देहाचे पोर मैदानाच्या कडेला उभे दिसले, तर त्यास माघारी धाडू नका. आधी एक डाव खेळू द्या, मग पारख करा.

आणि तरुणांनो, तुमच्यासाठी ज्याने पदरमोड केली, त्यास विजयाच्या दिवशी विसरू नका.