पिन विसरलात? आधी हात थांबवा

चेंबूरहून मी बोलतेय. आजचा विषय रोजच्या कटकटीचा वाटेल, पण ज्याच्यावर वेळ येते त्याचा घसा कोरडा पडतो. फोन हातात आहे, चार्ज आहे, सिम आहे, आणि पिन आठवत नाही. हार्बरच्या गाडीत उभ्याने ऐकत असाल तर ऐका, पण शेवटचा भाग घरी जाऊन पुन्हा ऐका. तिथे गृहपाठ आहे.

स्टेशनबाहेरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या गाळ्यांवर तुम्ही 'लॉक काढून मिळेल' अशी पाटी वाचली असेल. पाटी खोटी नसते, फक्त अर्धी असते. लॉक निघतं, फोन पुन्हा वापरात येतो, पण आतलं सगळं पुसून. प्रामाणिक दुकानदार हे आधीच सांगतो: "ताई, डेटा जाईल, चालेल का?" तेव्हा खरा प्रश्न फोन कसा उघडायचा हा नाहीच. आतलं जे आहे त्यातलं फोनच्या बाहेर किती आहे, हा प्रश्न आहे.

असं का होतं, ते दोन मिनिटांत सांगते. आपल्याला वाटतं, पिन म्हणजे सोसायटीचा वॉचमन. ओळख पटली की आत सोडतो, आणि नाहीच पटली तर सेक्रेटरींना फोन लावून गेट उघडून घेता येतं. फोनचं तसं नसतं. तो बँकेच्या लॉकरसारखा आहे. एक चावी बँकेकडे, एक तुमच्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही. फोनमधली एक चावी चिपच्या आत कायमची बंद असते, दुसरी तुमचा पिन. दोन्ही मिळून जी किल्ली तयार होते, तिनेच तुमचे फोटो आणि मेसेज वाचता येतात. फरक एवढाच, की लॉकरची चावी हरवली तर बँक तुमच्यासमोर लॉकर फोडून वस्तू हातात देते. इथे फोडलं की वस्तूच नाहीशी होते. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून नव्या फोनला हे असं कुलूपबंद असणं सक्तीचंच आहे, आणि आयफोनमध्ये तर त्याच्याही आधीपासून आहे.

कंपनीकडे गेलं तर? डिसेंबर २०१५मध्ये अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला गोळीबार झाला, १४ माणसं मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयला उघडता येईना. फेब्रुवारी २०१६मध्ये कोर्टाने ॲपलला मदत करायचा आदेश दिला, आणि ॲपलने विरोध केला. मार्चअखेर एफबीआयने बाहेरच्या कुणाची तरी मदत घेऊन तो उघडला आणि खटला मागे घेतला. ज्या कामासाठी एफबीआयला एवढा खटाटोप करावा लागला, ते आपल्या गल्लीतला पोरगा अर्ध्या तासात करून देईल अशी आशा नको. आणि दुसरी बाजूही बघा. गाडीत खिसा कापला गेला तर याच कुलपामुळे तुमचे फोटो चोराला दिसत नाहीत.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या टिळकनगरच्या बिल्डिंगमध्ये एक काकू राहतात. काका गेल्यावर त्या काकांचाच फोन वापरायला लागल्या. एका रात्री फसवणुकीचा कुठलासा फॉरवर्ड वाचून घाबरल्या आणि पिन बदलला. पुढचे दोन दिवस अंगठ्याने फोन उघडत होता, म्हणून नवा पिन एकदाही टाकावा लागला नाही. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपून फोन बंद पडला. चालू केला, तर अंगठा चालेना, पिनच पाहिजे. काकूंनी लग्नाची तारीख टाकून पाहिली, नातवाची जन्मतारीख टाकून पाहिली. दर चुकीला वाट पाहायचा वेळ वाढत गेला. तेवढ्यात नाशिकहून लेकीचा कॉल आला. फोन वाजला, पण स्क्रीनवर तिचं नाव नाही, नुसता नंबर. बंद होऊन चालू झालेला फोन पिन मिळेपर्यंत कॉन्टॅक्टसुद्धा वाचू शकत नाही. काकू मला म्हणाल्या, "अगं, हा माझ्या लेकीलाही ओळखेना."

तेव्हा जे केलं, तेच तुम्हाला क्रमाने सांगते.

पहिलं, हात थांबवा. अंदाजाने आकडे मारू नका. सहा आकडी पिनच्या दहा लाख जुळण्या होतात, नशिबाने लागत नाही. आयफोनमध्ये 'डेटा पुसा' हे सेटिंग चालू असेल, तर दहाव्या चुकीला फोन स्वतःच रिकामा होतो. शांत बसा, आणि आकडे न आठवता अंगठा कुठून कुठे जायचा ते आठवून बघा.

दुसरं, अंगठा किंवा चेहरा अजून चालत असेल तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे. फोन बंद करू नका, रीस्टार्ट करू नका, बॅटरी संपू देऊ नका. अँड्रॉइड साधारण ७२ तासांत एकदा पिन मागतोच. त्याआधी फोटो आणि चॅट बाहेर काढून घ्या.

तिसरं, पिन नुकताच बदलला असेल तर जुना आठवा. आयओएस १७पासून आयफोनमध्ये बदलानंतर ७२ तासांपर्यंत 'पासकोड विसरलात?' मध्ये जाऊन जुना पासकोड चालतो. काही सॅमसंग फोनमध्येही अशी सोय आली आहे. काकूंच्या फोनला ती नव्हती.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुसण्याआधी बाहेर काय आहे ते बघा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी येतील. ई-सिम असेल तर ते काढता येत नाही, कंपनीकडून नव्याने घ्यावं लागतं. मग लॅपटॉपवर तुमचं गूगल किंवा ॲपल खातं उघडा आणि कुठल्या तारखेपर्यंतचे फोटो तिथे आहेत ते पाहा. काकांनी खात्याचा पासवर्ड बँकेच्या डायरीत लिहून ठेवला होता, म्हणून आम्ही आत तरी जाऊ शकलो. काकांच्या आजारपणाआधीपर्यंतचे फोटो होते. शेवटच्या सहा महिन्यांचे नव्हते, कारण फुकटचे १५ जीबी भरले होते आणि बॅकअप गुपचूप थांबला होता. व्हॉट्सॲपचा बॅकअपही तिथेच अडकलेला.

पाचवं, मग पुसा. अँड्रॉइड दुसऱ्या फोनवरून खात्यातून पुसता येतो किंवा रिकव्हरी मोडमधून. आयफोन आयओएस १५.२पासून लॉक स्क्रीनवरूनच, नाहीतर कॉम्प्युटरला जोडून. पण खात्याचा पासवर्ड हाताशी असल्याशिवाय पुसू नका. पुसल्यानंतर फोन आधीचं खातं मागतो. चोरीच्या फोनसाठी केलेली सोय आहे ती, पण पासवर्ड नसेल तर तुम्हीच बाहेर राहता.

काकूंनी दोन दिवस विचार केला आणि मग "पूस" म्हणाल्या. फोन सुरू झाला. शेवटचे फोटो गेले ते गेले. पण नाशिकच्या लेकीने फॅमिली ग्रुप वर वर सरकवत नेला, तर काकांचे सात व्हॉइस नोट तिच्या फोनमध्ये होते. एकात ते हॉस्पिटलमधून चिडून विचारतायत, मॅचचा स्कोअर कुणी का कळवत नाही. काकांनी दुसऱ्याला पाठवलं होतं, तेवढं उरलं.

आता गृहपाठ. आज रात्री, जास्तीत जास्त वीस मिनिटं.

एक. पिन आणि खात्याचा पासवर्ड कागदावर लिहा आणि कपाटात रेशनकार्ड, पॉलिसी ठेवता तिथे ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये नको, फोनमधल्या नोट्समध्ये तर नकोच. पिन बदलायचा असेल तर सकाळी बदला आणि दिवसभर अंगठा न वापरता तोच टाका, म्हणजे बोटांत बसतो.

दोन. फोटोच्या ॲपमध्ये शेवटचा बॅकअप कधी झाला ते बघा. जागा भरली असेल तर नको ते व्हिडिओ उडवा, किंवा पेन ड्राइव्हवर एक प्रत काढा.

तीन. खात्याला जोडलेला रिकव्हरी नंबर तपासा. कॉलेजातला जुना नंबर अजून तिथेच असेल. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणजे तुमचा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या हातात.

चार. आपल्यामागे कुणाला काय मिळावं, ते ठरवा. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट'. नाव भरायला पाच मिनिटं लागतात. विषय अवघड वाटतो, पण बँकेत नॉमिनी लिहितोच ना आपण?

आणि हे सगळं स्वतःच्या फोनवर झालं की आईबाबांचा फोन मागून घ्या. त्यांना पासवर्ड विचारल्यावर "तूच टाकला होतास ना?" असं उत्तर आलं, तर समजा की काम तिथूनच सुरू करायचंय.

कुठे अडलात तर मेसेज करा, पण मला पिन पाठवू नका! भेटू पुढच्या भागात.